पहिल्या पाच रांगा

तिसरी घंटा झाली की प्रेक्षक पडद्याकडे बघतात. मी मागे वळून बघते. सभागृहातले दिवे मावळेपर्यंत रांगा मोजायच्या आणि वहीच्या उजव्या कोपऱ्यात आकडा लिहायचा. ६४. १४०. एकदा पाऊस आणि क्रिकेटचा सामना एकाच संध्याकाळी आले, तेव्हा २३. ही सवय मला कुणी लावली नाही. पण पंचवीसएक वर्षांच्या वह्या चाळायला घेतल्या की नाटकाच्या नावाआधी नजर त्या आकड्यावर जाते.

मी सांगलीत राहते. दिवसा शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी एका दैनिकासाठी नाटकं पाहिली. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथेच, त्यामुळे आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, एखाद्या मोठ्या कलावंताला भावे गौरवपदक दिलं जातं आणि त्या दिवशी सभागृहात उभं राहायलाही जागा नसते. मग बहुतेक वर्षी थोड्याच दिवसांत राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते. तेव्हा याच गावात, तशाच खुर्च्यांवर, मी माझे आकडे लिहीत बसते.

ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. केंद्राकेंद्रांवर हौशी संघांची नाटकं होतात आणि पुढे तीन परीक्षक कागद घेऊन बसलेले असतात. तालुक्याच्या गावातला एखादा संघ घ्या. बँकेतला कारकून, एसटीचा वाहक, अंगणवाडीताई, दोन शिक्षक, एक वीजजोडणी करणारा मुलगा. रात्री आठनंतर शाळेच्या वर्गातले बाक भिंतीला लावून तीन महिने तालीम करायची. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून आणायची. घरोघरचं सामान गोळा करून नेपथ्य उभं करायचं, ते टेम्पोत घालून दुपारी थिएटरवर यायचं, संध्याकाळपर्यंत दिवे लावून घ्यायचे. सातला पडदा उघडतो, साडेनऊला पडतो. निकालात पहिल्या क्रमांकांत नाव लागलं तर अंतिम फेरी. नाहीतर तो पहिला प्रयोग तोच शेवटचा.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकावर लिहिणाऱ्याचा वाचक रविवारी तिकीट काढून स्वतः खात्री करून घेऊ शकतो. माझा वाचक ते नाटक कधीच बघणार नसतो. पेपर त्याच्या हातात पडेस्तोवर नेपथ्य परत गावी गेलेलं असतं, कुणाचा पलंग कुणाच्या घरी पोचलेला असतो. मग हे लिहायचं कुणासाठी? सुरुवातीची काही वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. नाटक सुटल्यावर घाईघाईने ऑफिस गाठायचं, पान सोडायच्या आत तीनशे शब्द द्यायचे. नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना पूरक, संगीत प्रसंगानुरूप, अमक्याने भूमिका समर्थपणे पेलली, तमक्याचा अभिनय यथातथा.

त्या ‘यथातथा’ने मला गाठलं ते एका औषधाच्या दुकानात. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले होते. काउंटरच्या काचेखाली देवाचा फोटो, कुणाची तरी लग्नपत्रिका आणि शेजारी माझं परीक्षण, नीट कडेने कापलेलं. दुकानदाराने मला ओळखलं. नाटकात वकील झाला होता तो.

“ताई, एक विचारू का? राग मानू नका.”

“विचारा ना.”

“तुम्ही लिहिलंत, वकिलाचा अभिनय यथातथा. म्हणजे नेमकं कुठं चुकलं? बोलण्यात, का उभं राहण्यात? कोर्टातल्या प्रवेशात, का घरातल्या? पुढच्या वर्षी तेवढं सुधारून घेतो.”

हातातल्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच धरून तो उत्तराची वाट बघत उभा होता. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. त्याला खरंच शिकायचं होतं. आणि मला त्याचा एकही प्रवेश आठवेना. महिनासुद्धा झाला नव्हता. त्याने तीन महिने खपून केलेली गोष्ट मी एका शब्दात संपवली होती, आणि त्या शब्दामागे माझ्याजवळ काहीच नव्हतं. तरी ते कात्रण त्याने काचेखाली ठेवलं होतं, कारण त्याच्या नाटकाची तेवढीच नोंद होती. ‘बघून सांगते’ असं काहीतरी पुटपुटून मी निघून आले. सांगितलं मात्र कधीच नाही. सांगण्यासारखं पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी ‘पूरक’ आणि ‘समर्थपणे’ हे शब्द टाकले. अंधारात, कागदाकडे न बघता लिहायला शिकले. अक्षरं एकावर एक चढतात, पण घरी उलगडता येतात. प्रत्येक अंकातली निदान एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली लिहायची, मत नंतर. आणखी एक शिकले ते पेपरच्या कामातून. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. ‘प्रकाशयोजना, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था’ ही नावं वर्षानुवर्षं शेवटच्या परिच्छेदात, म्हणून दहातल्या सहा-सात वेळा ती छापूनच येत नसत. दिवे सांभाळणारा मुलगा सकाळी पेपर उघडून आपलं नाव शोधतो हे मला उशिरा कळलं. मग मी नावं पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात, वाक्यांतच गुंफायला लागले, म्हणजे ती कापायची तर वाक्यच मोडावं लागेल.

“हौशी आहेत, जरा सांभाळून लिहा,” असं पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटत नाही. सांभाळून लिहिणं म्हणजे त्यांना नाटकवाले न मानणं. दुसरा अंक लांबला, कारण दोघे भाऊ एकच गाऱ्हाणं दोनदा मांडतात, असं नेमकं लिहिलं तर दिग्दर्शक त्याचा उपयोग करतो. ‘प्रयत्न स्तुत्य’ याचा उपयोग कुणालाच होत नाही.

विनोदी नाटक बघायला बसले की माझी खरी परीक्षा असते. गंभीर नाटकात शांतता चांगली, की लोक कंटाळलेत, हे ओळखायला वेळ लागतो. विनोदात हिशेब जागेवर होतो, आणि तोच हिशेब फसवतोही. मोठ्या थिएटरात साठ माणसं इकडे दोन, तिकडे चार अशी पांगून बसली की विनोद कितीही चांगला असो, हसू जमत नाही. माणूस एकटा हसायला बिचकतो. शेजारच्याचा खांदा हलला की आपलाही हलतो. याच्या उलट पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसले, की ‘अरे आव्वाज कुणाचा’ने छप्पर दणाणत असतं आणि कॉलेजची पोरं आपल्या मित्राच्या नुसत्या एन्ट्रीला हसतात. १९६३ पासूनची ही स्पर्धा. तिथल्या उत्साहावर माझा जीव आहे, पण तिथला हशा मी कधीच आहे तसा धरत नाही. आमच्याकडचं मौनही तसं धरत नाही.

हशा ‘घेणं’ ही वेगळीच विद्या आहे. वाक्य पडतं, हसू उठतं, वर जातं, आणि उतरायला लागलं की पुढचं वाक्य टाकायचं. अगोदर टाकलं तर वाक्य हशात बुडतं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर हवा जाते. हौशी नट बहुधा तालमीतल्या हशावर बेतून आलेला असतो. तिथे मित्र हसले म्हणून इथेही तो थांबतो, समोरून काहीच येत नाही, आणि त्या दोन सेकंदांत त्याचा चेहरा पडतो. ते मी अनेकदा पाहिलं आहे. पण तो चेहरा मी परीक्षणात कधी उतरवला नाही. दिग्दर्शकाने काय करायला हवं होतं, ते लिहिलं.

हसतं कोण, हेही बघायचं. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज आंट’वरून आलेली, आणि आजही एखादा हौशी संघ ती करतोच. एका प्रयोगातला मावशी झालेला मुलगा मला विसरता येत नाही. तो बाईची नक्कल करत नव्हता. निऱ्या सुटतील या धास्तीने खुर्चीवर बसण्याआधी दर वेळी तो डाव्या हाताने पोटाशी चाचपून बघायचा, आणि मगच टेकायचा. तिसऱ्यांदा त्याचा हात पोटाकडे जायच्या आतच लोक हसायला लागले. बायका जास्त हसत होत्या, कारण ती धास्ती त्यांच्या ओळखीची होती. याच्या उलट, जाड मुलीच्या चालण्यावर बेतलेला एक आख्खा प्रवेश मी पाहिला. सभागृह हसत होतं. मी सवयीने मागे वळले, तर पाचव्या रांगेत आईशेजारी बसलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी मांडीवरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि समोर बघत नव्हती. ती मुलगी मी परीक्षणात लिहिली. संघाने माझ्याशी बोलणं टाकलं. मला ते ओझं वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठी स्टँडअप आलं. यूट्यूबवरच्या भाडिपासारख्या मंडळींनी २०१६ नंतर त्याला प्रेक्षक मिळवून दिला, आणि आता कॅफेच्या वरच्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडूनही कार्यक्रम होतात. तिथे माझे दोन नियम आहेत. ओपन माइकवर लिहायचं नाही, कारण ती तालीम आहे आणि तालमीचं परीक्षण करत नाहीत. आणि कुणाचाही शेवटचा पंच छापायचा नाही. तो त्याचा रोजचा धंदा आहे, माझ्या मजकुराची फोडणी नव्हे.

सांगलीबाहेर पाहिलेल्या नाटकांनी माझी परिभाषा मोडली, हे बरं झालं. सिंधुदुर्गात जत्रेतला दशावतार पाहिला. लिखित संहिता नाही, कथानक ठरवून घेतात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. मी वहीत ‘लेखन’ असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. वडशाला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, झाडीपट्टीची नाटकं बघायला गेले तेव्हा तर रात्री दहानंतर सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चाललं. मंडईच्या जत्रेचे दिवस, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट झालेला, लेकी-जावई गावात आलेले, आणि थंडीत घोंगड्या पांघरून लोटलेली गर्दी. माझा आकडा त्या रात्री मी लिहिलाच नाही. मोजणंच अशक्य होतं. गाणी लांब, विनोदी प्रवेश मूळ कथेशी फारसं नातं न सांगणारे. सांगलीच्या सवयीने मी ‘विस्कळीत’ असं लिहिलं. मध्यरात्र उलटल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, “आता थोडा नीज काढ बाई, हा हसवणारा आला का पोरंसोरं जागी होतेत, मंग मोठा सीन रायते.” तसंच झालं. विनोदी नटाने झोपलेली पोरं उठवली, आणि मग पहाटेच्या मुख्य प्रवेशाला सगळा मांडव टक्क जागा होता. त्या विनोदी प्रवेशाचं काम कथेत नव्हतं, रात्रीत होतं. मी ‘विस्कळीत’ खोडलं. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला सगळ्यांत आधी त्या आजी आठवल्या.

आता त्या एका नाटकाबद्दल सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्या केंद्रावरची डिसेंबरातली संध्याकाळ. नाटक वाटणीवरचं, दोन भाऊ, दोन जावा, म्हातारी आई. पहिला अंक पूर्ण विनोदी. विहिरीच्या पाण्याची वाटणी, म्हशीची वाटणी, दूरदर्शन संचाची वाटणी. लेखन चांगलं होतं, थोरला भाऊ उत्तम होता, तरी पांगलेल्या प्रेक्षकांत हशा पेटत नव्हता. मध्यंतरात थिएटरवरचे मामा, पडदा ओढणारे, पुढे आले आणि हात हलवून लोकांना बोलवायला लागले. “या की पुढं. मागं कशाला बसलायसा? थंडी वाजंल. या, या.” बोलावलं म्हटल्यावर लोक संकोचत उठले. बाल्कनीतलेही खाली आले. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा सगळे पुढे, खांद्याला खांदा लावून.

आणि तेच नाटक वेगळं झालं. भावांनी भांडी मांडायला घेतली. दोन ढीग. पातेलं तुला, पातेलं मला. डाव इकडे, झारा तिकडे. हशा आता लाटेसारखा येत होता आणि थोरला तो बरोबर घेत होता. भांडी खरीखुरी होती, पितळेची, तांब्याची, खोटी रंगवलेली नव्हेत, म्हणून प्रत्येक भांडं टेकताना आवाज वेगळा येत होता. शेवटी मधे एक तांब्याचं घंगाळ उरलं. एकच. दोघेही हात लावेनात. मग आई झालेली बाई उठली. ती बराच वेळ कोपऱ्यात गप्प बसून होती. तिने घंगाळ मांडीवर घेतलं, पदराने पुसलं आणि काठावर कोरलेलं नाव बोटाने चाचपत गेली, अक्षर न अक्षर. वाचलं नाही. नुसतं बोट फिरवलं. दिवे सांभाळणाऱ्या मुलाने बाकीचे दिवे इतके हळू उतरवले की ते कधी उतरले ते कळलंच नाही, बोट आणि काठ तेवढे दिसत राहिले. आत्तापर्यंत हसणारी माणसं श्वास रोखून बसली होती. मग तिने ते घंगाळ धाकट्या सुनेच्या पुढ्यात सरकवलं. फरशीवर तांबं घासल्याचा तो लांब, कर्कश आवाज माझ्या अंगावर आला.

नाटकाला नंबर मिळाला नाही. मी मात्र त्या रात्री जास्तीचे शंभर शब्द मागून घेतले आणि ते बोट, तो आवाज, तो हळू उतरलेला दिवा लिहिला, नावांसकट.

पुढे २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, म्हणून वह्या आणि कात्रणं वाचली. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथे मी किती नाटकं पाहिली याची गणती नाही. पहाटेपर्यंत कोल्हापूरच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. ती म्हणाली, लोक रस्त्यावर उभे राहून रडताहेत. त्या आठवड्यात मी सगळ्या वह्या कपाटातून काढून वर्षवार लावल्या. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एक बाई घरी आल्या. चाळिशीच्या असतील. शाळेतून माझा पत्ता मिळवला होता. घंगाळ पुसणाऱ्या त्या बाई त्यांच्या आई. त्या वारल्या होत्या. फोटोंचा अल्बम, सहभागाचं प्रमाणपत्र, पेपरचं कात्रण, सगळं २०१९ च्या पाण्यात लगदा झालं होतं.

“आई एकाच नाटकात होती. एकच प्रयोग. मी तेव्हा पुण्याला होते, परीक्षा होती, मला बघता आलं नाही. तुम्ही लिहिलेलं काही असेल का?”

मी कात्रण काढलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. घंगाळाच्या ओळींशी थांबल्या.

“त्यावर माझ्या आजीचं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्याच घरातलं ते. घंगाळ वाचलं. पाण्यात राहून काळं पडलं होतं, चिंचेने घासलं.” मग जरा थांबून, “आईला वाचता येत नव्हतं हो. नाटकातलं सगळं ऐकून पाठ केलं होतं तिनं.”

वीस वर्षांपूर्वी मी तिचं न वाचता बोट फिरवणं अभिनय म्हणून लिहिलं होतं. अजूनही मी ते तसंच लिहीन. पण आता त्या वाक्याकडे बघताना माझा हात थरथरला.

मी झेरॉक्स काढून आणते म्हटलं आणि मूळ कात्रणच त्यांना दिलं, झेरॉक्स स्वतःला ठेवली. निघताना दारात त्यांनी विचारलं, “माणसं किती होती त्या दिवशी? आई सारखी सांगायची, थिएटर भरलेलं होतं म्हणून.”

मी वही उघडली. कोपऱ्यात आकडा होता, ११२. त्याच्याखाली, अंधारात लिहिलेली, एकमेकांवर चढलेली अक्षरं: मामांनी सगळ्यांना पुढे बोलावलं.

रंगमंचावर उभं राहिलं की दिवे डोळ्यांवर येतात. पुढच्या पाच-सहा रांगांपलीकडचं काही दिसत नाही.

“पहिल्या पाच रांगा पूर्ण भरलेल्या होत्या,” मी त्यांना सांगितलं. “एकही खुर्ची मोकळी नव्हती.”